नारायण वामन टिळक

नारायण वामन टिळक (जन्म : करजगाव, ६ डिसेंबर १८६१, मृत्यू : मुंबई, ९ मे १९१९) हे मराठी कवी, संपादक, ख्रिस्ती धर्मोपदेशक आणि भजनकार होते. साहित्यविश्वात ते रेव्हरंड टिळक या नावाने ओळखले जातात. निसर्ग आणि बालके या विषयांवरील कवितांमुळे त्यांना फुला-मुलांचे कवी असेही म्हटले जाते. चित्पावन ब्राह्मण कुटुंबात जन्मलेल्या टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर अभंग, ओवी, भजन आणि कीर्तन या मराठी भक्तिपरंपरेतील रूपांमधून त्यांनी ख्रिस्ती श्रद्धेचे चिंतन मांडले. धर्म बदलला म्हणून देश, भाषा आणि संतांचा वारसा सोडावा लागत नाही, ही त्यांच्या आयुष्याची आणि लेखनाची मुख्य भूमिका होती. या भूमिकेची किंमत त्यांना स्वतःच्या घरात, ज्ञातीत आणि मिशनच्या संस्थेतही मोजावी लागली.

त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई टिळक या 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्राच्या लेखिका होत. टिळकांच्या खाजगी जीवनाविषयीची बरीच माहिती या ग्रंथातून मिळते. लोकमान्य बाळ गंगाधर टिळक हे त्यांचे समकालीन होते; आडनाव आणि जिल्हा एकच असल्याने या दोघांच्या नावांत पुष्कळदा गल्लत होते.

पार्श्वभूमी

मराठी भाषेत ख्रिस्ती चिंतनाची परंपरा टिळकांच्या आधी सुमारे अडीचशे वर्षे सुरू झाली होती. गोव्यात राहिलेले इंग्रज जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापले गेले. बायबलमधील कथा त्यांनी ओवीबद्ध पुराणाच्या रूपात सांगितली होती. एकोणिसाव्या शतकात प्रॉटेस्टंट मिशनांचे कार्य महाराष्ट्रात सुरू झाले. स्कॉटिश मिशनने १८२३ मध्ये बाणकोट येथे काम आरंभले. महाबळेश्वरी उगम पावून पोलादपूर आणि महाड या गावांवरून वाहत येणारी सावित्री नदी बाणकोटजवळ समुद्राला मिळते. पुढे मुंबईत विख्यात झालेले डॉ. जॉन विल्सन यांनी आपला मराठीचा प्रारंभिक अभ्यास १८२९ मध्ये याच किनाऱ्यावरील हर्णै येथे केला. टिळकांचे जन्मगाव याच परिसरात, दापोली तालुक्यात आहे. मात्र त्यांच्या जन्मापूर्वीच मिशनचे मुख्य कार्य मुंबई आणि पुणे या शहरांकडे सरकले होते.

या मिशनांनी शाळा, छापखाने आणि नियतकालिके काढली. अमेरिकन मराठी मिशनचे 'ज्ञानोदय' हे पत्र १८४२ मध्ये अहमदनगर येथे सुरू झाले. बाबा पदमनजी यांनी १८५७ मध्ये 'यमुनापर्यटन' लिहून विधवांच्या दुःस्थितीला वाचा फोडली. पंडिता रमाबाई यांनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. या काळातील मराठी ख्रिस्ती उपासनेत मात्र इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे आणि परदेशी चाली यांचे प्राबल्य होते. धर्मांतरित मनुष्य आपल्या समाजापासून तुटून मिशनच्या आवारात राहू लागे आणि लोकांच्या दृष्टीने तो परका होई. टिळकांच्या कार्याचे महत्त्व या परिस्थितीच्या संदर्भात ध्यानात येते.

जन्म आणि बालपण

टिळकांचा जन्म तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. त्यांचे वडील वामनराव सरकारी नोकरीत होते आणि बदल्यांमुळे त्यांचे वास्तव्य निरनिराळ्या गावी होत असे. वडिलांचा स्वभाव तापट व कठोर होता. आई जानकीबाई सौम्य व भाविक होत्या आणि त्यांना कवितेची आवड होती. घरातील संतवाणीचे संस्कार आणि कवितेची गोडी टिळकांना आईकडून मिळाली. त्यांच्या बालपणाचा काही काळ कल्याण येथे गेला आणि प्रारंभिक शालेय शिक्षणही तेथेच झाले.

१८७३ च्या सुमारास आईचा मृत्यू झाला. या आघातानंतर वडिलांच्या घरी राहणे त्यांना अशक्य झाले आणि लहान वयातच ते घराबाहेर पडले. मातृवियोगाची ही जखम त्यांच्या मनात कायम राहिली. ईश्वराला आई म्हणून हाक मारणाऱ्या त्यांच्या पुढील भक्तिरचनांचा संबंध अभ्यासक या अनुभवाशी जोडतात.

शिक्षण

घर सोडल्यानंतर टिळक नाशिकला आले. गणेशशास्त्री लेले या विद्वानांकडे त्यांनी संस्कृत काव्य आणि शास्त्रांचा अभ्यास केला. नाशिकच्या इंग्रजी शाळेत त्यांनी सुमारे दोन वर्षे शिक्षण घेतले. परंतु भावंडांची जबाबदारी अंगावर आल्याने ते अपुरे राहिले. औपचारिक पदवी त्यांना मिळाली नाही. तथापि संस्कृतवरील प्रभुत्व, शीघ्रकवित्व आणि वक्तृत्व यांच्या बळावर त्यांनी तरुण वयातच नाव मिळवले. संत ज्ञानेश्वर आणि संत तुकाराम यांच्या ग्रंथांचे वाचन त्यांनी आयुष्यभर चालू ठेवले.

विवाह आणि भ्रमंतीची वर्षे

१८८० च्या सुमारास नाशिकजवळील जलालपूर येथील गोखले घराण्यातील मनकर्णिका यांच्याशी टिळकांचा विवाह झाला. मनकर्णिका यांचा जन्म १८६८ चा. विवाहाच्या वेळी त्या सुमारे अकरा वर्षांच्या होत्या. सासरी त्यांचे नाव लक्ष्मी ठेवण्यात आले. लक्ष्मीबाईंचे माहेर अत्यंत सोवळे होते. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हते. पुढे टिळकांच्या प्रोत्साहनाने त्या लिहू-वाचू लागल्या.

विवाहानंतरची पंधरा वर्षे टिळक एका ठिकाणी स्थिर राहिले नाहीत. शिक्षकी, पुराण सांगणे, कीर्तन, छापखान्यातील काम, लेखन अशा विविध मार्गांनी त्यांनी उपजीविका केली. मनात आले की ते कोणालाही न सांगता निघून जात आणि काही काळाने परत येत. हातात आलेला पैसा गरजूंना देऊन टाकण्याची त्यांना सवय होती, त्यामुळे घरात ओढग्रस्ती असे. या दांपत्याची काही अपत्ये अल्पवयात दगावली. १८९१ मध्ये जन्मलेले देवदत्त हे पुढे आईवडिलांच्या साहित्याचे जतन करणारे पुत्र ठरले.

धर्मविषयक शोध

भ्रमंतीच्या या वर्षांत टिळकांचा धर्मविषयक शोध चालू होता. सप्तशृंगगडाच्या परिसरातील वणी येथे त्यांनी काही काळ वाचन आणि चिंतनात घालवला. त्यांच्या विचारांना देशाच्या अवनतीच्या प्रश्नाची जोड होती. समाज जातींमध्ये विभागलेला असताना राष्ट्र उभे राहणार नाही आणि धर्माच्या पुनर्रचनेशिवाय समाज एक होणार नाही, असे त्यांचे मत बनले.

१८९१ मध्ये ते नागपूर येथे अप्पासाहेब बुटी या धनिकाच्या आश्रयाला गेले. बुटी यांनी वैदिक वाङ्मयाच्या संग्रहाचे व संपादनाचे काम हाती घेतले होते आणि त्यात टिळकांच्या संस्कृत ज्ञानाचा उपयोग झाला. धर्मविषयक चर्चेसाठी त्यांनी 'ऋषि' नावाचे मासिकही चालवले. याच काळात एक नवा धर्म स्थापन करण्याचा विचार त्यांच्या मनात आला. ईश्वर हा सर्वांचा पिता असून सर्व माणसे परस्परांची भावंडे आहेत, धर्मग्रंथ मनुष्यनिर्मित आहेत आणि मूर्तिपूजा व जातिभेद त्याज्य आहेत, अशी त्याची सूत्रे त्यांनी मनाशी ठरवली होती. ख्रिस्ती धर्माविषयी मात्र या वेळी त्यांना जिव्हाळा नव्हता. तो राज्यकर्त्यांचा, म्हणजेच परकीयांचा धर्म आहे, अशी त्या काळच्या बहुतेक सुशिक्षितांप्रमाणे त्यांचीही समजूत होती.

आगगाडीतील भेट

१८९३ च्या सुमारास टिळक नोकरीनिमित्त नागपूरहून राजनांदगावला आगगाडीने निघाले होते. डब्यातील एका युरोपीय प्रवाशाशी त्यांचे कवितेवर आणि नंतर धर्मावर संभाषण झाले. उतरण्यापूर्वी त्या प्रवाशाने त्यांना नव्या कराराची प्रत भेट दिली, ती नियमाने वाचण्याचे वचन घेतले आणि दोन वर्षांत आपण ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना त्या वेळी हे भाकीत हास्यास्पद वाटले.

वचन पाळण्यासाठी त्यांनी वाचन सुरू केले. पहिली पाने त्यांनी टीकाकाराच्या दृष्टीने, आक्षेप टिपून घेत वाचली. मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरील प्रवचनापाशी आल्यावर त्यांची वृत्ती पालटली. शत्रूवर प्रीती, क्षमा आणि ईश्वराचे पितृत्व यांविषयीच्या या उपदेशात आपण शोधत असलेल्या प्रश्नांची उत्तरे आहेत, असे त्यांना वाटले. नव्या धर्माची जी सूत्रे त्यांनी स्वतः रचली होती, त्यांपैकी महत्त्वाची सूत्रे येथे त्यांना एका व्यक्तीच्या जीवनात उतरलेली दिसली.

बाप्तिस्मा

यानंतर टिळकांनी ख्रिस्ती वाङ्मयाचे वाचन वाढवले आणि मिशनऱ्यांशी पत्रव्यवहार केला. राजनांदगाव येथे त्यांच्या बदललेल्या विचारांचा बोभाटा झाल्यावर त्यांना विरोध सहन करावा लागला आणि नोकरीही टिकली नाही. त्यांनी निर्णय लगेच घेतला नाही. पत्नी, मूल आणि आप्तेष्ट यांच्यापासून कायमचे तुटावे लागेल याची त्यांना पूर्ण जाणीव होती. त्या काळी ब्राह्मण कुटुंबात धर्मांतर म्हणजे त्या व्यक्तीचा मृत्यूच, असे मानले जाई.

अखेरीस १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईतील भायखळा येथील अमेरिकन मिशनच्या चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. हा विधी युरोपीय मिशनऱ्याच्या हातून न करता तुकाराम नथोजी या मराठी धर्मोपदेशकाच्या हातून करण्यात आला. आपली श्रद्धा परकीयांची देणगी म्हणून ओळखली जाऊ नये, हा टिळकांचा आग्रह त्यांच्या ख्रिस्ती जीवनाच्या पहिल्याच दिवसापासून असा दिसून येतो.

कौटुंबिक वियोग आणि पुनर्मीलन

बाप्तिस्म्याची वार्ता कळली तेव्हा लक्ष्मीबाई लहानग्या देवदत्तासह माहेरच्या माणसांत होत्या. त्यांच्यावर दुःखाचा डोंगर कोसळला. सुमारे साडेचार वर्षे पती-पत्नी एकमेकांपासून दूर राहिले. या काळात लक्ष्मीबाईंना त्यांच्या भगिनीच्या पेंडसे कुटुंबाने आधार दिला. काही दिवस त्या पंढरपूर येथेही राहिल्या. टिळक पत्रे पाठवीत, मधून मधून भेटीसाठी येत आणि पत्नीने परत यावे अशी विनवणी करीत. त्यांनी धर्मांतराची सक्ती मात्र केली नाही. दुसरा विवाह करण्याचाही त्यांनी विचार केला नाही.

अखेर लक्ष्मीबाई मुलासह पतीकडे आल्या. सुरुवातीला त्यांनी आपले सोवळे पाळले. स्वयंपाक आणि पाणी वेगळे ठेवले. अहमदनगर आणि राहुरी येथील वास्तव्यात मात्र त्यांच्या मनात जातिभेदाविषयी स्वतंत्र विचार सुरू झाला. उच्चनीचता माणसाने निर्माण केली असून ईश्वराने नव्हे, या निष्कर्षाला त्या स्वतःच्या अनुभवातून पोहोचल्या आणि पाण्याचा विटाळ त्यांनी सोडून दिला. हा बदल बाप्तिस्म्याच्या आधी झाला होता, ही गोष्ट उल्लेखनीय आहे. १९०० मध्ये त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. टिळकांच्या घरी यानंतर अनाथ मुले, विद्यार्थी, कवी आणि निराश्रित यांचा राबता असे. दुष्काळ आणि प्लेगच्या वर्षांत अनेक मुलांना या घराने आश्रय दिला.

अहमदनगरमधील कार्य

धर्मांतरानंतर टिळकांचे मुख्य वास्तव्य अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) येथे होते. अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशास्त्र विद्यालयात त्यांनी अध्यापन केले. डॉ. रॉबर्ट ह्यूम आणि रेव्हरंड जस्टिन ॲबट या मिशनऱ्यांशी त्यांचा निकटचा संबंध होता. ॲबट हे मराठी संतवाङ्मयाचे अभ्यासक होते आणि त्यांनी पुढे महिपतीच्या संतचरित्रांसह अनेक संतांच्या साहित्याची इंग्रजी भाषांतरे केली. १९०४ मध्ये टिळकांना धर्मोपदेशकाची दीक्षा मिळाली.

१९१२ पासून मृत्यूपर्यंत ते 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी विभागाचे संपादक होते. या पत्रातून त्यांनी धर्म, समाजसुधारणा, साहित्य आणि राष्ट्रीय प्रश्न यांवर लेखन केले. मिशनऱ्यांनी हिंदी ख्रिस्ती लोकांना सतत पालकाच्या भूमिकेतून वागवू नये, चर्चचा कारभार देशी लोकांच्या हाती यावा आणि ख्रिस्ती समाजाने आपल्या हिंदू व मुसलमान देशबांधवांपासून अलग राहू नये, असे मत त्यांनी वारंवार मांडले. या स्पष्टवक्तेपणामुळे काही मिशनरी त्यांच्यावर नाराज होते. दुसऱ्या बाजूला, सनातनी समाजाच्या दृष्टीने ते धर्मत्यागी होते. तरीही साहित्यिक वर्तुळात त्यांना धर्मभेदापलीकडचा मान मिळाला.

कविता

टिळक हे केशवसुतांचे समकालीन असून आधुनिक मराठी कवितेच्या पहिल्या पिढीत त्यांची गणना होते. संस्कृत वृत्तांवर त्यांचे प्रभुत्व होते, परंतु विषय आणि भावना यांबाबत त्यांची कविता नव्या वळणाची होती. फुले, पाखरे, लहान मुले आणि घरातील नाती हे विषय त्यांनी मराठी कवितेत आपुलकीने हाताळले.

त्यांच्या दीर्घ रचनांमध्ये 'वनवासी फूल', 'सुशीला', 'माझी भार्या' आणि 'बापाचे अश्रू' यांचा समावेश होतो. 'वनवासी फूल' या काव्यात संसारापासून दूर जाण्याची ओढ आणि लोकांत राहून सेवा करण्याचे कर्तव्य यांतील द्वंद्व आहे. कवीच्या स्वतःच्या भ्रमंतीचा आणि शोधाचा पडसाद त्यात जाणवतो. 'केवढे हे क्रौर्य' या कवितेत शिकाऱ्याच्या बाणाने घायाळ झालेली पक्षीण आपल्या पिलांच्या काळजीने घरट्याकडे झेपावते. ही कविता शालेय पाठ्यपुस्तकांतून अनेक पिढ्यांनी वाचली. देशप्रेम हा देखील त्यांच्या कवितेचा एक महत्त्वाचा विषय होता.

१९०७ मध्ये जळगाव येथे भरलेल्या कविसंमेलनात टिळक सहभागी झाले होते. याच संमेलनात त्र्यंबक बापूजी ठोमरे या तरुण कवीला 'बालकवी' ही उपाधी मिळाली. पुढे बालकवी काही काळ अहमदनगर येथे टिळकांच्या घरी राहिले. टिळक दांपत्याने त्यांच्यावर पुत्रवत प्रेम केले. बालकवींवर धर्मांतरासाठी दबाव आला नाही; ते हिंदूच राहिले आणि तरीही त्या घराचे झाले.

भक्तिरचना आणि ख्रिस्ती चिंतन

टिळकांचे सर्वांत टिकाऊ कार्य म्हणजे त्यांची भजने, अभंग आणि पदे. मराठी चर्चमधील 'उपासना संगीत' या गीतसंग्रहात त्यांच्या रचनांचे प्रमाण मोठे आहे आणि त्या आजही उपासनेत गायल्या जातात. भाषांतरित स्तोत्रांच्या ठिकाणी त्यांनी अस्सल मराठी छंद आणि चाली आणल्या. टाळ, मृदंग आणि एकतारी यांच्या साथीने गाता येईल अशी ख्रिस्ती भजने त्यांनी रचली, तसेच ख्रिस्ती कीर्तनेही केली. खेड्यातील निरक्षर भाविकाला परक्या सुरावटीपेक्षा अभंगाची चाल सहज आपलीशी वाटते, हा अनुभव त्यामागे होता.

त्यांच्या चिंतनाचे तीन मुख्य आधार सांगता येतात.

पहिला आधार इतिहासाचा. ज्यू लोकांना ख्रिस्तापूर्वी जुन्या करारातील संदेष्टे लाभले, त्याचप्रमाणे महाराष्ट्राला संत लाभले, असे टिळकांचे प्रतिपादन होते. ज्ञानेश्वर, नामदेव आणि तुकाराम यांना ते आपल्या श्रद्धेचे विरोधक मानीत नसत. त्यांना ते पूर्वतयारी मानीत. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, असे ते सांगत. या विचारामुळे संतवाङ्मय सोडून द्यावे लागणार नाही, अशी वाट मराठी ख्रिस्ती समाजाला मिळाली. त्याचबरोबर संतपरंपरेला ख्रिस्ती धर्माची पूर्वपीठिका ठरवण्याच्या या मांडणीशी वारकरी परंपरेतील व्यक्ती सहमत होतीलच असे नाही, हेही अभ्यासक नोंदवतात.

दुसरा आधार संस्कृतीचा. वारकरी पंथात विठ्ठलाला आणि ज्ञानेश्वरांना माउली म्हणतात. टिळकांनी हेच मातृत्व ख्रिस्ताच्या ठायी पाहिले. पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेत रूढ असलेल्या राजा, न्यायाधीश या प्रतिमांपेक्षा आई आणि सद्गुरू या प्रतिमा त्यांच्या अभंगांत ठळक आहेत. गुरूशी एकरूप होण्याची तळमळ, नामस्मरण, विरह आणि भेटीचा आनंद हे संतकाव्यातील भाव त्यांनी ख्रिस्तभक्तीत आणले. त्यांच्या अखेरच्या वर्षांतील अशा अभंगांचा संग्रह 'अभंगांजली' या नावाने ओळखला जातो.

तिसरा आधार दैनंदिन जीवनाचा. मुलाचा हट्ट, आईचे जागरण, अंगणातले फूल, दारी आलेला भुकेला मनुष्य यांतून ते श्रद्धेचा अर्थ सांगत. ईश्वराचे पितृत्व हा त्यांच्या मते केवळ सिद्धान्त नव्हता. घरात परक्याचे मूल आपले म्हणून वाढवताना त्याची परीक्षा होत असे. 'स्मृतिचित्रे'मध्ये याची दुसरी बाजूही प्रांजळपणे आली आहे. टिळकांचे औदार्य अनेकदा घरखर्चाच्या पैशांतून होई आणि त्याची झळ लक्ष्मीबाईंना सोसावी लागे. त्यांचा रागीटपणा आणि नंतरचा पश्चात्ताप, दोघांची भांडणे आणि समेट यांचे चित्रण त्या ग्रंथात असल्यामुळे टिळकांची प्रतिमा निर्दोष संताची न राहता झगडणाऱ्या माणसाची उरते.

ख्रिस्तायन

येशू ख्रिस्ताचे संपूर्ण चरित्र मराठी महाकाव्याच्या रूपात सांगण्याचा टिळकांचा संकल्प होता. रामायणाच्या धर्तीवर त्यांनी या ग्रंथाला 'ख्रिस्तायन' असे नाव दिले. त्यांच्या हयातीत या ग्रंथाचे सुमारे दहा अध्याय रचून झाले. उरलेला ग्रंथ लक्ष्मीबाईंनी पूर्ण केला. त्यांनी ६४ अध्याय रचले. विवाहाच्या वेळी अक्षरओळख नसलेल्या पत्नीने पतीचे महाकाव्य पुरे करावे, ही मराठी वाङ्मयाच्या इतिहासातील असाधारण घटना मानली जाते. लक्ष्मीबाईंचे निधन २४ फेब्रुवारी १९३६ रोजी झाले आणि 'ख्रिस्तायन' त्यानंतर १९३८ मध्ये प्रकाशित झाले.

देवाचा दरबार

आयुष्याच्या अखेरच्या टप्प्यात टिळकांना संस्थात्मक चौकट अपुरी वाटू लागली. मिशनचा पगार घेणारा उपदेशक लोकांच्या दृष्टीने सरकारी नोकरासारखा असतो आणि त्यामुळे त्याच्या शब्दाचे वजन कमी होते, असे त्यांचे मत झाले. भारतीय लोकमानस संन्याशाचा आणि साधूचा आदर करते, हे त्यांनी ओळखले होते. १९१७ मध्ये त्यांनी अमेरिकन मराठी मिशनची नोकरी सोडली, संन्यस्त वृत्ती स्वीकारली आणि भगवी वस्त्रे धारण केली. कुटुंबाचे नियमित उत्पन्न या निर्णयाने थांबले.

त्यानंतर सातारा येथे त्यांनी 'देवाचा दरबार' या मंडळाची स्थापना केली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे सर्व ख्रिस्तानुयायी यात एकत्र यावेत, अशी त्यामागील कल्पना होती. अनेक हिंदू बांधवांना ख्रिस्ताविषयी आदर व प्रेम असते, परंतु चर्चच्या सभासदत्वामुळे समाजापासून तुटण्याची त्यांची तयारी नसते. अशा लोकांसाठी दार उघडे असावे, असे टिळकांना वाटे. स्वतः जे सोसले ते दुसऱ्यावर लादू नये, ही जाणीवही या कल्पनेत दिसते. बाप्तिस्म्याचे महत्त्व कमी होते, या कारणास्तव काही चर्चनेत्यांना ही योजना मान्य नव्हती. टिळकांना या कार्यासाठी दोन वर्षांहून कमी काळ मिळाला आणि त्यांच्या पश्चात 'देवाचा दरबार' फार काळ टिकला नाही.

मृत्यू

१९१९ च्या आरंभी टिळकांची प्रकृती खालावली. उपचारांसाठी त्यांना मुंबईतील जे. जे. रुग्णालयात दाखल करण्यात आले. ९ मे १९१९ रोजी, वयाच्या ५८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्रवत कवी बालकवी यांचा मृत्यू त्याच्या जेमतेम एक वर्ष आधी, ५ मे १९१८ रोजी रेल्वे अपघातात झाला होता.

वारसा

टिळकांचे इंग्रजी चरित्र जे. सी. विन्स्लो यांनी लिहिले. ते १९२३ मध्ये प्रसिद्ध झाले. भारतीय आणि युरोपीय ख्रिस्ती लोकांनी आश्रमपद्धतीने एकत्र राहावे या हेतूने १९२२ मध्ये स्थापन झालेल्या ख्रिस्त सेवा संघाचे विन्स्लो हे संस्थापक होते. स्कॉटिश मिशनरी निकल मॅक्निकल यांनी टिळकांच्या काही भक्तिरचनांचे इंग्रजी भाषांतर केले आणि त्यांतील काही गीतांना इंग्रजी स्तोत्रसंग्रहांतही स्थान मिळाले. एकेकाळी इंग्रजी स्तोत्रे मराठीत येत होती. टिळकांमुळे मराठी अभंग उलट दिशेने गेले.

लक्ष्मीबाईंचे 'स्मृतिचित्रे' १९३४ ते १९३७ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत त्याची गणना होते आणि टिळकांची ओळख आज अनेक वाचकांना प्रथम याच ग्रंथातून होते.

भारतीय ख्रिस्ती धर्मचिंतनाच्या इतिहासात श्रद्धेच्या देशीकरणाचे एक आद्य प्रवर्तक म्हणून टिळकांचा उल्लेख केला जातो. त्यांची 'देवाचा दरबार' ही योजना अल्पजीवी ठरली आणि त्यांचे महाकाव्य त्यांच्या हातून अपूर्ण राहिले. त्यांची भजने मात्र रविवारच्या उपासनेत आणि त्यांच्या बालकविता शाळांच्या वर्गांत टिकून राहिल्या. कवी आणि उपदेशक या दोन्ही नात्यांनी त्यांचे स्मरण मराठी समाजाच्या वेगवेगळ्या थरांत केले जाते.